‘द बिग टाइम’ : रणांगण न दाखवणारी कालयुद्धाची कादंबरी

अमेरिकी लेखक फ्रिट्झ लायबर यांची ‘द बिग टाइम’ ही विज्ञान कादंबरी १९५८ मध्ये ‘गॅलेक्सी’ मासिकात दोन भागांत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

‘कोळी’ आणि ‘साप’ हे दोन पक्ष प्रदेशासाठी लढत नाहीत. भविष्य आपल्या बाजूने वळावे म्हणून ते भूतकाळातील घटना बदलतात. मात्र लायबर यांच्या कल्पनेतील इतिहास बदलाला विरोध करतो. एक घटना बदलली, तरी पुढचा काळ शक्य तितका पूर्ववत राहतो. त्यामुळे हे युद्ध संपत नाही.

प्रत्यक्ष लढाई वाचकाला दिसत नाही. शेक्सपियरच्या नाटकांतील कलावंत दाम्पत्याचा मुलगा असलेल्या लायबर यांनी सारे कथानक नाटकाप्रमाणे एकाच जागी, स्थळकाळाबाहेरील विश्रामगृहात घडवले आहे. रोमन सैनिक, नाझी अधिकारी, पहिल्या महायुद्धातील इंग्रज कवी आणि क्रीटची योद्धा स्त्री येथे एकाच पक्षाचे आहेत. आपले सूत्रधार कोण, हे त्यांना ठाऊक नाही. ज्या मायभूमीची आठवण ते जपतात, ती त्यांच्याच मोहिमांमुळे इतिहासातून पुसली जाऊ शकते.

शीतयुद्धाच्या काळातील या कथेत त्या बंद जागेत अणुबॉम्बही आहे. तरीही मृत्यूपेक्षा मोठे भय आपण कधी अस्तित्वातच नव्हतो असे ठरण्याचे आहे.