पदराची उलटी बाजू

भरतकामाची चर्चा आपल्याकडे बहुधा नक्षीपाशी सुरू होते आणि नक्षीपाशीच संपते. मोर, कमळ, कोयरी पाहून प्रांत ओळखायचा, अशी रीत पडली आहे. पण कशिद्याची मूळ ओळख टाक्यात असते. कापड कोणतं आणि ते कसं वापरलं जाणार यावरून टाका ठरतो. नक्षी त्या टाक्याच्या मर्यादेत जन्म घेते. धारवाड-हुबळी भागातली कसुती याचा ठळक पुरावा आहे. इरकल साडीवर, विशेषतः काळ्या चंद्रकळेवर, ही नक्षी आधी न छापता, न रेखता, केवळ कापडाचे उभे-आडवे धागे मोजून भरली जाते. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. गवंतीत सुई धावदोरा घालत पुढे जाते आणि त्याच वाटेनं परतताना राहिलेल्या जागा भरते. त्यामुळे प्रत्येक रेघ दोनदा चालली जाते, दोरा निघाल्या जागी परत येतो आणि दोन्ही बाजूंना तीच आकृती उमटते. गाठ मारायची नसते. टोकं टाक्यांतच दडवतात. मुरगी हीच चाल पायऱ्यापायऱ्यांनी चालते. या पद्धतीत सुटा ठिपका अडचणीचा, सलग रेघ सोयीची. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन हे कोनाकोनांचे आकार कसुतीत इतके खुलतात, त्यामागे भक्तीइतकंच धागे मोजण्याचं गणित आहे.

दोन्ही बाजू सारख्या करण्याचा हा खटाटोप कशासाठी? माझ्या मते उत्तर साडीतच आहे. साडीला अस्तर नसतं. पदर वाऱ्यानं उलटतो, डोक्यावर घेतला की वळतो, त्याची मागची बाजू लोकांना दिसते. शिवाय मागे लोंबणारे दोरे बांगडीत अडकतात. चंब्याच्या रुमालाकडे पाहिलं की हा तर्क आणखी पक्का होतो. भेटवस्तूंवर झाकायच्या त्या कापडावरचं दोरुखा कामही दोन्हीकडून सारखं असतं. उलट जरदोजीत धातूची तार कापडावर ठेवून दोऱ्यानं टाचतात. मखमली अंगरख्याला अस्तर लागलं की मागचा पसारा झाकला जातो. लखनवी चिकनकारीत नक्षी आधी छापतात, पण तिथल्या बखियात टाके मागून घालतात आणि तलम मलमलीतून त्यांची सावली पुढे दिसते. म्हणजे मागच्या बाजूचं काय करायचं, हे प्रत्येक ठिकाणी कापडानं आणि वापरानं ठरवलं आहे.

यावर आक्षेप येतील. मेंथी म्हणजे फुली टाका; तो दोन्हीकडून सारखा दिसत नाही, मग सिद्धांत कोलमडत नाही का? नाही, कारण मेंथी मुख्यतः भराव्यासाठी येते आणि तिथंही गाठ टाळलीच जाते. खणाच्या चोळीवरही कसुती करतात, जिची आतली बाजू कुणाला दिसत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण साडीवर बसलेली हाताची शिस्त चोळीवर आली, असं मानणं मला जास्त सयुक्तिक वाटतं.

सगळ्यात मोठा आक्षेप यंत्राचा. आजचं भरतकामाचं यंत्र वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकवतं, म्हणून मागची बाजू वेगळी पडते. पण फ्रान्समध्ये 1828 साली जोसुए हाइलमान यांनी बनवलेल्या यंत्रात दोन्ही टोकं अणकुचीदार आणि मध्यभागी नेढं असलेली सुई कापडातून आरपार जायची. तेव्हा आरपार टाका यंत्राला अशक्य नाही, हे मान्य केलंच पाहिजे. फरक इतकाच की ते यंत्र मोठ्या आराखड्यावरून हात फिरवून चालवलं जाई, त्याला कापडाचा धागा मोजावा लागत नसे. कसुतीत आराखडा म्हणजे कापडच. आता जॉर्जेटसारख्या, धागे मोजता न येणाऱ्या कापडावर जाळी टाचून कसुती करतात आणि नंतर जाळीचे धागे ओढून काढतात. ही तडजोड आहे, पण टाका तरी त्यात टिकतो. नुसती गोपुराची नक्षी यंत्रानं उतरवून तिला कसुती म्हणणं मात्र मला चुकीचं वाटतं. कसुतीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण गिऱ्हाईक पुढच्या बाजूलाच भुलत राहिलं, तर त्याचा उपयोग तोकडाच.

म्हणून इरकल घेताना पदर उलटून पाहा. मागे वेगळ्या रंगाचा दोरा किंवा चिकटवलेला कागद दिसला, तर ते यंत्रकाम आहे; त्याची किंमत यंत्रकामाचीच द्या. रेघा दोन्हीकडे सारख्या आणि गाठ कुठं दिसत नसेल, तर तिथं घासाघीस करू नका.