विश्लेषण : गोष्ट मुरतेय की नुसतं पाणी घालतायत?

ड्रॅगनच्या इंग्रजी मालिकेपासून ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’पर्यंत प्रेक्षकांचे भांडण एकच आहे. मालिका संथ आहे म्हणून चिडायचे, की संथ आहे म्हणूनच शेवटाला मजा येते असे म्हणायचे?

राहुरी : ‘आज तरी काही घडलं का?’ मालिका पाहणाऱ्या घरात रात्री हमखास विचारला जाणारा हा प्रश्न. आई टीव्हीवर विरोचकाच्या नाशाची वाट पाहत असते आणि मुलगा त्याच खोलीत, कानात हेडफोन घालून, मोबाइलवर ड्रॅगनच्या लढाईची. दोघांना एकमेकांची मालिका पटत नाही, पण तक्रार मात्र सारखीच. भाग संपतो, गोष्ट होती तिथेच.

त्यावर दुसऱ्या गटाचे उत्तरही दोन्हीकडे ठरलेले असते. घाई कसली? आधी माणसे कळू द्या, मग लढाई बघा.

(पुढे काही जुन्या मालिकांचे शेवट उघड केले आहेत. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ अजून पाहायची राहिली असेल तर मधला भाग सोडून वाचावे.)

वाद पेटला कशावरून?

अलीकडचे ठळक उदाहरण ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’चे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘फायर अँड ब्लड’ या २०१८ च्या पुस्तकावरची ही मालिका. एकाच राजघराण्याच्या दोन फांद्या सिंहासनासाठी भिडतात, एवढीच मूळ गोष्ट. २०२२ मधल्या पहिल्या पर्वाचे दहा भाग दोन्ही बाजू उभ्या करण्यात गेले. जून २०२४ मध्ये दुसरे पर्व आले ते आठच भागांचे. चौथ्या भागात ड्रॅगनची एक जबर झुंज झाली आणि प्रेक्षक सरसावून बसले. ऑगस्टमधल्या शेवटच्या भागात सैन्ये निघाली, जहाजे निघाली, ड्रॅगन झेपावले आणि पर्व तिथेच संपले. ज्या समुद्री लढाईची वाट होती ती पुढच्या पर्वात, म्हणजे थेट २०२६ वर गेली.

सगळ्यात जास्त राग निघाला डेमन या पात्रावर. हा तापट राजपुत्र हॅरनहॉल नावाच्या पडक्या, ओल्या किल्ल्यात येतो आणि जवळजवळ उरलेले पर्व तिथेच काढतो. त्याला स्वप्ने पडतात, मेलेली माणसे दिसतात. भाग मागून भाग हेच. एक गट म्हणाला, याला नुसता अडकवून ठेवलाय. दुसरा म्हणाला, शेवटच्या भागात हाच डेमन राणीपुढे गुडघा टेकतो. मुकुटाची हाव असलेला माणूस तिथवर कसा आला हे दाखवायला एवढा वेळ लागणारच.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण आमच्या मते डेमनचे प्रकरण एका कसोटीवर कमी पडते. ती कसोटी समजून घ्यायला याच जगातल्या जुन्या मालिकेकडे जावे लागेल.

नेड स्टार्कच्या नऊ भागांत काय होते?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ १७ एप्रिल २०११ रोजी सुरू झाली. पहिल्या पर्वात लढाया जवळपास नाहीत. माणसे बोलतात, पत्रे पाठवतात, दारामागून ऐकतात. तरीही ते पर्व कंटाळवाणे होते असे फारसे कोणी म्हणत नाही. याचे कारण एका सातव्या भागात सापडते.

नेड स्टार्क हा सरळ माणूस राजाचा कारभारी आहे. राणीचे गुपित त्याला कळते. दया येऊन तो तिलाच आधी जाऊन सांगतो, की मुलांना घेऊन निघून जा, मी राजाला सांगणार आहे. राजाचा भाऊ रातोरात सत्ता हातात घेऊ म्हणतो, त्याला नेड नकार देतो. आणि ज्याच्यावर अजिबात विसंबू नये त्याच्यावर विसंबतो. तीन निर्णय, प्रत्येक त्याच्या स्वभावाला धरून, आणि प्रत्येकाबरोबर सुटकेचे एकेक दार बंद. नवव्या भागात त्याचे शिर उडते तेव्हा प्रेक्षक हादरतो, पण फसवले गेल्यासारखे त्याला वाटत नाही. मागे वळून पाहिले तर सगळे डोळ्यांसमोरच घडलेले असते.

संथ मालिका आणि रेंगाळणारी मालिका यांतला फरक आम्हाला इथे दिसतो. घटना किती घडल्या हे मोजून तो कळत नाही. भाग सुरू होताना पात्रापुढे जेवढे रस्ते होते, तेवढेच भाग संपताना उरले असतील तर भाग रेंगाळला. एक जरी रस्ता मिटला असेल, तर नुसत्या गप्पांतही गोष्ट पुढे सरकली. हॅरनहॉलमध्ये डेमनपुढचे रस्ते बराच काळ तेवढेच राहतात. तिथेच प्रेक्षकाची चुळबुळ सुरू होते.

मग त्याच मालिकेचा शेवट का बिघडला?

कारण तिथे उलटा प्रकार झाला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची मूळ पुस्तके अपुरी आहेत. पाचवे २०११ मध्ये आले, सहावे अजून यायचे आहे. मालिका पुस्तकांच्या पुढे गेली. वाहिनीची आणखी पर्वे करायची तयारी होती, पण निर्मात्यांनी आठव्या पर्वावर थांबायचे ठरवले आणि ते पर्व सहा भागांत आटोपले.

बर्फातून चालत येणारे मृतांचे सैन्य हे मालिकेच्या पहिल्याच दृश्यातले संकट. आठ वर्षे ते जवळ येत होते. २०१९ मध्ये एका रात्रीत, एका भागात ते संपले, आणि संपवले ते आर्या नावाच्या मुलीने. यावर चाहते आजही भांडतात. एका गटाला ही पुरेपूर वसुली वाटते, कारण ती मुलगी कितीतरी पर्वे मारण्याचेच शिक्षण घेत होती. दुसरा गट विचारतो, वैर ज्याचे उभे केले तो जॉन स्नो बाजूला का? त्याहून मोठा वाद डेनेरिसचा. गुलामांना मुक्त करणारी राणी शरण आलेले शहर जाळते. हा शेवट चुकीचा नाही, तिथवरचा रस्ता दाखवायचा राहून गेला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आठवे पर्व पुन्हा चित्रित करा अशा ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या पडल्या. पुन्हा चित्रण अर्थातच झाले नाही.

म्हणजे तक्रार दोन्ही टोकांची असते. कुठे चूल पेटूनही काहिलीतला रस उकळत नाही, तर कुठे पाक तयार होण्याआधीच काहिल उतरवली जाते. आपल्याकडे लांबलेल्या बोलण्याला ‘गुऱ्हाळ’ म्हणून हिणवतात, ते खऱ्या गुऱ्हाळावर अन्यायच करणारे आहे. तिथला गुळव्या थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी धरते का ते बघतो आणि मगच काहिल उतरवतो. लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो.

मराठी मालिकांचे गणित वेगळे का?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ने आठ पर्वांत, आठ वर्षांत मिळून ७३ भाग केले. आठवड्याला सहा भाग दाखवणारी मराठी मालिका तेवढे भाग तीन महिन्यांच्या आत करते. भाग लहान असतो हे खरे. पण तासांत मोजले तरी त्या मालिकेचे सुमारे ७० तास आपली दैनंदिन मालिका सात-आठ महिन्यांत गाठते. वर्षाला तीनशेहून अधिक भाग. एवढ्या भागांत रोज एखादा रस्ता मिटवत गेलो तर पात्र महिन्याभरात भिंतीला टेकेल. म्हणून लेखक दार बंद करतो आणि सोमवारी खिडकी उघडतो. मेलेली व्यक्ती परत येते, स्मृती जाते, हमशकल उगवतो. प्रेक्षक याला ‘पाणी घालणे’ म्हणतात.

यात लेखकाचा दोष निम्माच. मालिका किती चालणार हे सुरू करताना ठरलेले नसते. आठवड्याला येणारे प्रेक्षकसंख्येचे आकडे ते ठरवतात. आकडे चांगले असतील तर शेवट लांबतो. घसरले तर वेळ बदलते, आणि तरी सावरले नाही तर दोन वर्षे विणलेले रहस्य दोन आठवड्यांत उसवून टाकावे लागते. त्यावर कलाकारांपासून स्पॉटबॉयपर्यंत सगळ्या युनिटचे रोजचे काम अवलंबून असते, हेही विसरता येत नाही. मधल्या मार्गाने रविवारचा ‘महाएपिसोड’ आला. आठवडाभर प्रोमो दाखवायचा, तासाभराचा भाग करायचा आणि एक छोटी वसुली तिथे द्यायची.

‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ ही या चौकटीत बसवलेली अद्भुतकथा. सप्टेंबर २०२२ मध्ये झी मराठीवर आली, २०२४ च्या अखेरीस संपली. मूळ कल्पना बंगालीतल्या ‘त्रिनयनी’ची. नायिका नेत्रा (तितीक्षा तावडे) हिला पुढे घडणारे आधी दिसते. समोर आहे विरोचक, आणि तो घरातल्याच रूपालीच्या (ऐश्वर्या नारकर) रूपात आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. यातली खुबी अशी, की संकट काय येणार हे नेत्राबरोबर आपल्यालाही आधी दिसते. प्रश्न उरतो तो ते टळणार कसे, एवढाच. जिथे ही उत्तरे नेत्राच्या काही ना काही मोलावर मिळाली तिथे मालिका रंगली. जिथे तेच संकट नाव बदलून आले तिथे घरोघरी रिमोट शोधला गेला.

शेवट ठाऊक असला तर मजा जाते का?

‘रात्रीस खेळ चाले’ने याचे उत्तर दिले आहे. पहिले पर्व २०१६ चे. कोकणातले नाईकांचे घर, अण्णांचा मृत्यू आणि नंतरचे भीतीचे सावट. जानेवारी २०१९ मध्ये दुसरे पर्व आले ते आधीच्या काळाचे. अण्णा नाईक (माधव अभ्यंकर) मरणार हे पहिल्या पर्वाच्या प्रेक्षकाला पक्के माहीत होते. तरी अण्णा आणि शेवंता (अपूर्वा नेमळेकर) यांची जोडी घराघरात पोचली. माणूस एवढा माजोरी कसा झाला आणि त्याचे फेडणार कुठे, हे लोक बघत होते.

बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’चेही तेच. ऑक्टोबर १९८८ ते जून १९९० मध्ये ९४ भाग झाले आणि कुरुक्षेत्रावर शंख वाजेपर्यंत तीन चतुर्थांश मालिका संपलेली होती. युद्ध कोण जिंकणार हे पाचवीतल्या पोरालाही माहीत होते. भीमाने भर सभेत केलेली प्रतिज्ञा पुरी होताना पाहायला रविवारी सकाळी रस्ते ओस पडत.

सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये वाचकांना लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधी सांगून. ज्यांना शेवट माहीत होता त्यांना गोष्टी सरासरीने अधिक आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलटही दिसले. त्यामुळे बिनधास्त शेवट सांगत सुटण्याचा हा परवाना समजू नये, विशेषतः एकाच घरात राहायचे असेल तर.

आपल्या भागात हे प्रयोगाविनाही पटेल. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस कीर्तने होतात आणि शेवटी काल्याचे कीर्तन. कृष्णाचे आख्यान काय असणार, दहीहंडी कधी फुटणार, सारे मंडपातल्या प्रत्येकाला माहीत असते. गर्दी तरी काल्यालाच सर्वांत जास्त. मात्र काल्याचा खरा आनंद आधीचे सात दिवस बसलेल्याला असतो, असे जुनी मंडळी सांगतात. नुसत्या महाप्रसादाला येणाऱ्यांना तो कितपत मिळतो, हे आम्ही विचारत नाही.

आणि राहुरीचा संबंध?

राहुरीच्या नावाचीच एक आख्यायिका आहे. समुद्रमंथनानंतर नेवाशात मोहिनीने अमृत वाटले, राहू वेष पालटून देवांच्या पंगतीत बसला, सूर्य-चंद्रांनी ओळख सांगितली आणि विष्णूच्या चक्राने त्याचे शिर उडाले. ते शिर पडले ती राहुरी, काया पडली ते कायगाव. नेवाशात मोहिनीराजाचे मंदिर आजही आहे.

ही गोष्ट मालिकेसारखी मांडून पाहा. बहुतेक कथनांत मंथनातून आधी हलाहल निघते, अमृत येते शेवटी. मधे एकामागून एक रत्ने. पण त्यातला एकही ‘भाग’ वाया जात नाही. प्रत्येक रत्न कुणाच्या तरी वाट्याला जाते आणि देव-दानवांतली चढाओढ वाढते. विष कुणाला तरी प्यावे लागते आणि शंकराचा कंठ कायमचा निळा होतो. राहूचा प्रसंग त्यामानाने क्षणाचा. एवढी चढण चढून आल्यावर चक्र सुटायला वेळ लागत नाही. अमृत गळ्यापर्यंत पोचलेले असल्यामुळे शिर मरत नाही, आणि सूर्य-चंद्रांना ग्रहण लागत राहते. पुढच्या पर्वाची सोय म्हणतात ती हीच. फरक एवढाच, की इथे ती आधी घडलेल्या गोष्टीतूनच निघते, वरून चिकटवलेली नाही.

पुढे काय?

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ चौथ्या पर्वानंतर थांबेल, असे निर्माते रायन कोंडल यांनी दुसरे पर्व संपताच ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. म्हणजे उरलेल्या रस्त्याची लांबी आता ठरली आहे आणि डेमनच्या त्या स्वप्नांचा हिशेब लागतो का, ते त्या मापाने तपासता येईल. मराठी वाहिन्यांवर शेवट एवढा आधी जाहीर करण्याची रीत नाही. आपली मालिका संपत आल्याचे प्रेक्षकाला बहुतेकदा त्याच वेळेला सुरू होणाऱ्या नव्या मालिकेच्या प्रोमोवरूनच कळते.