नवोदय विद्यालयातील प्रवेश: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्रामीण भागातील हुशार मुलांना, आईवडिलांची ऐपत कशीही असली तरी, दर्जेदार निवासी शिक्षण मिळावे या हेतूने केंद्र सरकारने 1985-86 मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे दोन प्रायोगिक शाळा सुरू केल्या, आणि 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्या कल्पनेला देशव्यापी रूप दिले. जिल्ह्यामागे एक या धोरणाने वाढलेल्या या शाळा म्हणजेच जवाहर नवोदय विद्यालये. गोंदिया जिल्ह्याचे विद्यालय जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध येथे आहे, आणि तिरोडा तालुक्यातील पाचवीच्या विद्यार्थ्यांनाही सहावीच्या प्रवेशासाठी याच एका विद्यालयाचा विचार करता येतो.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज असा की, जिल्ह्यातील सर्व मुलांची गुणांनुसार एकच यादी लागते आणि तिच्यातील पहिली 80 मुले घेतली जातात. जागा कमाल 80 असतात हे खरे. मात्र त्यांपैकी किमान 75 टक्के, म्हणजे 60, ग्रामीण उमेदवारांसाठी राखलेल्या असतात, एकूण जागांपैकी किमान एकतृतीयांश मुलींना मिळाव्यात अशी तरतूद असते, आणि याशिवाय अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग यांचे आरक्षण लागू होते. अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण जिल्ह्यातील त्यांच्या लोकसंख्येनुसार ठरते, परंतु ते राष्ट्रीय प्रमाणाहून कमी किंवा दोन्ही मिळून 50 टक्क्यांहून अधिक नसते. गुणवत्तेची स्पर्धा अशा रीतीने वेगवेगळ्या कप्प्यांत चालते. त्यामुळे समान गुणांच्या दोन मुलांपैकी एकाची निवड होणे आणि दुसऱ्याची न होणे हा घोटाळ्याचा पुरावा ठरत नाही.

उरलेल्या 25 टक्के जागा शहरी मुलांच्या हक्काच्या आहेत, हीही समजूत चुकीची आहे. या जागा खुल्या असून त्यांवर शहरी आणि ग्रामीण दोन्ही उमेदवार गुणवत्तेने, आरक्षणाचे नियम पाळून, निवडले जातात. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी सोडतीने भरल्या जाणाऱ्या 25 टक्के जागांशी या आकड्याचा काहीही संबंध नाही. नवोदयमध्ये सोडत नसते.

ग्रामीण कोण, हा प्रश्न तिरोड्यात विशेष कळीचा आहे, कारण तिरोडा हे नगर परिषदेचे शहर असून मुंडीकोटा, वडेगाव, सुकडी डाकराम यांसारखी गावे त्याच तालुक्यात असली तरी ग्रामीण गणली जातात. घर खेड्यात आणि शेती सातबाऱ्यावर असली की मूल आपोआप ग्रामीण ठरते, असे अनेक पालक धरून चालतात. नियम मात्र घराकडे नव्हे, शाळेकडे पाहतो: तिसरी, चौथी आणि पाचवी या तिन्ही इयत्तांचे पूर्ण शैक्षणिक वर्ष ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत झालेले असावे लागते, आणि या काळात शहरी भागातील शाळेत एक दिवस शिकलेला विद्यार्थीही शहरी मानला जातो. परिणामी, चांगली तयारी व्हावी म्हणून चौथीत गावातल्या जिल्हा परिषद शाळेतून काढून तिरोडा शहरातील शाळेत घातलेले मूल 60 जागांवरील दावा गमावते आणि खुल्या 20 जागांच्या चढाओढीत जाऊन पडते. ज्या निर्णयाला पालक तयारी समजतात, तोच येथे सर्वांत महाग पडतो, आणि तो परीक्षेच्या दीड-दोन वर्षे आधीच झालेला असतो.

जिल्ह्याची सीमा हीसुद्धा अशीच दुर्लक्षित बाब आहे. उमेदवाराचे वास्तव्य आणि त्याची पाचवीची शाळा एकाच जिल्ह्यात असावी लागतात; शेजारचे तुमसर भंडारा जिल्ह्यात येत असल्याने, तिरोडा तालुक्यात राहून तिथे शिकणाऱ्या मुलाला नवेगावबांधसाठी अर्ज करता येत नाही.

परीक्षेविषयी दोन टोकांच्या समजुती आढळतात: ती इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी असते, आणि महागड्या शिकवणीवाचून ती पार होत नाही. प्रत्यक्षात जवाहर नवोदय विद्यालय निवड चाचणी मराठीतूनही देता येते, तिची काठिण्यपातळी पाचवीपर्यंतची असते, आणि दोन तासांत 80 वस्तुनिष्ठ प्रश्न 100 गुणांसाठी सोडवायचे असतात. मानसिक क्षमता, म्हणजे आकृत्यांवरून तर्क करण्याची कसोटी, 50 गुणांची, तर अंकगणित आणि भाषा प्रत्येकी 25 गुणांची असते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. आकृत्यांच्या प्रश्नांना निम्मे गुण असल्यामुळे केवळ पाठांतरावर भर देणाऱ्या शिकवणीचा उपयोग मर्यादितच राहतो. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेशी तिची गल्लत होते. ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, ही केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. सहावीच्या प्रवेशासाठी ही चाचणी दुसऱ्यांदा देता येत नाही.

खासदारांच्या शिफारशीने प्रवेश मिळतो, ही वदंता केंद्रीय विद्यालयांवरून आली असावी. तिथे खासदारांचा शिफारस कोटा होता आणि तो 2022 मध्ये बंद झाला. नवोदयमध्ये देणगी किंवा शिफारशीने भरायच्या जागा नाहीत, आणि अर्जही निःशुल्क असतो.

सर्व काही फुकट, हे मात्र जवळजवळ खरे आहे. निवास, भोजन, गणवेश व पाठ्यपुस्तके मोफत असतात. नववीपासून दरमहा 600 रुपये विद्यालय विकास निधी घेतला जातो, ज्यातून मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले वगळली आहेत, तर सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाल्यांकडून तो अधिक घेतला जातो. पालकांनी खरे तर जी अट आधी समजून घ्यावी, ती स्थलांतराची: नववीतील सुमारे 30 टक्के विद्यार्थ्यांना एक वर्ष वेगळ्या भाषिक प्रदेशातील नवोदयमध्ये पाठवले जाते, आणि प्रवेश घेतानाच त्याला संमती द्यावी लागते.