उजवा ब्रेक, डावा गिअर!

तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, नाही तर माहेरच्या पडवीत, ताडपत्रीखाली एखादी मोटारसायकल उभी आहे का? आणि एके काळी ती, किंवा तिच्यासारखी दुसरी, तुम्ही स्वतः चालवीत होता का? असाल तर मैत्रिणींनो, चहाचा कप घेऊन बसा. आज मी तुम्हाला माझी फजिती सांगणार आहे आणि फजितीतून जे शिकले तेही.

मी गाडी शिकले ती १९८४ साली, सांगलीत. वडिलांची हळदीची पेढी होती आणि दारात बुलेट. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. दुपारचा डबा पेढीवर पोचवायला गडी मिळेना, तेव्हा वडील म्हणाले, "सायकल येतीय न्हवं? मग हे बी येईल. बस!" हरिपूरच्या रस्त्यावर, चिंचेच्या झाडांखाली, आठ दिवसांत मी शिकले.

आताच्या मुलींना सांगितले तर खोटे वाटेल, पण त्या बुलेटला किक मारणे हे एक शास्त्र होते. हँडलजवळची छोटी खिट्टी दाबायची, किक हलकेच खाली नेत अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणायचा, खिट्टी सोडायची, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग सगळे अंग घालून एकच दणका. काटा चुकला की किक उलटी येऊन घोटा सुजलाच म्हणून समजा. शिवाय तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. हे नीट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या भानगडीचे मूळ इथेच आहे.

१९९० साली लग्न होऊन मी पुण्यात आले. तुम्हाला वाटेल, सासरी बंदी घातली असेल. छे हो! कोणी चकार शब्द काढला नाही. घरात एकच स्कूटर, ती ह्यांना ऑफिसला लागे. मी मागे बसू लागले. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल, मुलाच्या मांडीवर भाजीची पिशवी. पुढे केव्हातरी भिशीत कुणीतरी विचारले, "तुम्हाला येते का हो गाडी?" तेव्हा "पूर्वी यायची" असे उत्तर माझ्याच तोंडून गेले. बंदी नव्हती, भांडण नव्हते, अपघातसुद्धा नव्हता. नुसती सुटली. तुमच्यापैकी पुष्कळ जणींची गोष्ट अशीच असेल.

ह्यांनी २०१२ साली मोठ्या हौसेने बुलेट घेतली, क्लासिक ३५०. दर रविवारी पुसून लख्ख. आणि मग दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितले, काही महिन्यांनी मागे बसायला हरकत नाही, पण पावणेदोनशे किलोच्या पुढची गाडी आता पायांवर पेलायची नाही. गाडीवर ताडपत्री पडली. सहा महिन्यांनी ह्यांनी विक्रीची जाहिरात लिहिली आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिली. 'उत्तम स्थिती, एकहाती वापरलेली.' त्या 'एकहाती'वर माझे बोट थांबले.

"अहो, दुसरा हात अजून लागायचाय. जाहिरात राहू दे."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मुलाचा फोन आला, "आई, साठीला दोन वर्षं राहिलीत तुझ्या!" म्हटले, "म्हणूनच घाई आहे रे."

पहिली अडचण लायसन्सची. सांगलीचे माझे पुस्तकी लायसन्स कपाटात जरीच्या साडीखाली सापडले. फोटोत दोन वेण्या! मुदत केव्हाच संपलेली. हल्ली नियम असा आहे, की मुदत संपून वर्ष उलटले तर नुसते नूतनीकरण होत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते. मी सरळ नव्याने सुरुवात केली. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता घरबसल्या संगणकावर देता येते. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. तो दाखला शिक्क्यापुरता घेऊ नका, डोळे खरोखर तपासून घ्या. मला स्वतःला उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे हे तेव्हाच कळले, आणि समोरच्या दिव्यांनी रात्री एवढे दिपायला का होते तेही. मी अंधारात गाडी काढत नाही, ती तेव्हापासून. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते, तीस दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते. ते हाती येण्याआधी रस्त्यावर जाऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि दोष तिचा नसतो.

आता फजिती. 'सायकल आणि पोहणे एकदा आले की विसरत नाही' असे आपण म्हणतो ना? मीही म्हणत होते. आणि खरेच, हाताने काही विसरले नव्हते. क्लच सोडता सोडता अ‍ॅक्सिलरेटर देण्याचे ते हलके माप मनगटाने चौतीस वर्षे जपून ठेवले होते. पहिल्या दिवशी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या, आणि मला वाटले, जिंकले! हे बाकावर बसून बघत होते. चौथ्या दिवशी सकाळी एका बंगल्याच्या फाटकातून मोटार मागे येताना दिसली. मी ब्रेक दाबला. चांगला जोरात दाबला. गाडीने एक हिसका खाल्ला आणि ती पुढेच चालली! पुन्हा दाबला, तरी पुढेच. मेंदीच्या कुंपणात शिरून आडवी झाले तेव्हा कुठे थांबले.

तुमच्या लक्षात आलेच असेल. नव्या गाड्यांना गिअर डाव्या पायाशी असतो आणि ब्रेक उजव्या. पहिला गिअर खाली, बाकीचे वर. म्हणजे सगळेच उलटे. हे मला माहीत नव्हते का? चांगले माहीत होते. शांतपणे चालवताना मी बरोबरच चालवीत होते. पण घाबरल्याबरोबर पायाने मला विचारलेच नाही, तो थेट सांगलीला गेला! डावा पाय दाबला आणि ब्रेकऐवजी गिअर पडला.

कोपर सोलवटले, एक इंडिकेटर गेला. त्याहून लागले ते दुसरेच. वॉचमन आणि दोन मुलांनी गाडी उचलली, हे काठी टेकत जमेल तेवढ्या घाईने आले, आणि मला वाटले, आता म्हणणार 'विकून टाकू'. तेच बरे होईल, असेही एक क्षण वाटले. हे म्हणाले, "क्लच का नाही दाबलास?" एवढेच! मला इतका राग आला म्हणता, की संध्याकाळी पुन्हा गाडी काढली.

तर मैत्रिणींनो, ज्यांना पूर्वी येत होते त्यांनी अगदी नवशिक्या बाईपेक्षा जास्त जपायला हवे. नवशिकीला काहीच येत नसते, म्हणून ती भीत भीत विचार करते. आपल्याला चुकीचे येत असते, आणि तेही पाठ! मी मग काय केले ते सांगते. रोज सकाळी वीस मिनिटे, मोकळ्या जागी, फक्त थांबण्याचा सराव. पुढे जायचे, थांबायचे. पुढे जायचे, थांबायचे. ह्यांनी बाकावरून अचानक टाळी वाजवायची, आणि मी थांबायचे. पहिल्या आठवड्यात दहांपैकी तीन-चार वेळा डावाच पाय जाई. तीन आठवड्यांनी जाईनासा झाला. स्कूटरची सवय असलेल्यांचेही असेच होते. बिनगिअरच्या स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात. डावा हात ब्रेक म्हणून आवळाल तर मोटारसायकलवर तो क्लच असतो, आणि गाडी थांबण्याऐवजी मोकळी सुटते.

आणखी एक. जुन्या बुलेटचा पुढचा ब्रेक नावालाच होता, सगळी भिस्त पायावर. आताच्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक असतो आणि खरे थांबवण्याचे काम तोच करतो. पण तो चार बोटांनी एकदम आवळायचा नाही. वळणावर, वाळूवर, पावसात तर नाहीच. पेरू पिकला की नाही हे बघताना जसे हळूहळू दाबतो तसा दाबायचा. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना चाक घसरू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली आहे. आमची गाडी त्याआधीची, तिला ती नाही. नवी घेणार असाल तर हा फरक मोलाचा आहे.

शरीराचेही थोडे सांगते. मला वाटत होते, एवढी वर्षे कणीक मळणारे हात आहेत, क्लचचे काय मोठेसे! पण कणीक मळतो तळव्याने आणि खांद्याने, क्लच दाबायचा बोटांनी. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी वाटीसुद्धा धरवेना. रबरी चेंडू घेऊन टीव्ही बघताना दाबत बसा, महिन्याभरात फरक पडतो. आडवी झालेली गाडी वाकून, पुढून उचलायला जाऊ नका, कंबर धरेल. आधी किल्ली बंद करावी. गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसावे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची कडी धरावी आणि पायांच्या जोराने मागे रेटत उठावे. उजवीकडे पडली असेल तर साइडस्टँड आधीच काढून ठेवा, नाही तर ती उठून पलीकडे पडते. हाडे ठिसूळ असतील तर मात्र शौर्य नको, माणसे बोलवा.

उभ्या गाडीला हात लावण्यापूर्वी मेकॅनिकला दाखवा. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी शोषते. कार्बोरेटर साफ करून घ्या, बॅटरी तपासा. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका, रबर उभ्या उभ्या कडक होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर '१४१७' होते, म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. दोन्ही बदलले.

कपड्यांच्या बाबतीत मी कडक आहे. ओढणी नको, सुटा पदर नको, चपला नकोत. मागे साडी नेसून कुणी बसणार असेल तर साडीगार्ड आहे का बघा आणि पदर खोचायला लावा. ओढणी चाकात अडकून जीव गेलेल्या मुलींच्या बातम्या आपण वाचतोच. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे, पट्टा लावून. माझ्या वेळी नव्हते म्हणू नका, माझ्या वेळी एवढ्या गाड्याही नव्हत्या. आम्हा पुणेकरांचे हेल्मेटशी जुने वाकडे आहे, २०१९ साली तर त्याच्याविरुद्ध आंदोलन झाले. मी त्या बाबतीत सांगलीचीच राहिले.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या मुली बघितल्या की मला कौतुक वाटते आणि पोटात गोळाही येतो. एक दिवसाचे ठीक आहे, छायाचित्रे सुंदर येतात. पण गाडी आपली व्हायची ती दळण आणताना, बँकेत जाताना. २०११ साली उर्वशी पाटोळे यांनी 'द बायकर्नी' ही बायकांची मोटारसायकल संघटना उभी केली. तेव्हाच्या बातम्या मी रद्दीच्या गठ्ठ्यात बांधल्या होत्या, आपला काही संबंध असेल असे मनातही न येता.

पक्के लायसन्स आले. आठचा आकडा काढताना पाय एकदाही टेकला नाही. इन्स्पेक्टर म्हणाले, "काकू, पूर्वी चालवत होतात वाटतं?" मी म्हटले, "दुसऱ्या पायाने!" त्यांना काही कळले नाही.

डॉक्टरांना विचारून एका रविवारी सकाळी आम्ही दोघे खडकवासल्याला गेलो. ह्यांना मागे बसवायलाच दहा मिनिटे लागली. पायरीच्या कडेला गाडी लावून, पायरीवरून पाय टाकायचा, अशी युक्ती काढली. मागे वजन असले की थांबायला जागा जास्त लागते, वळताना गाडी जड जाते. हे मागच्या माणसाला आधी समजावून सांगा आणि वळणावर उलट्या बाजूला कलू नका म्हणावे. ह्यांनी ऐकले. मात्र धायरी फाट्यापर्यंत "तिसरा टाक", "आता चौथा" असे चालूच होते. मी ही वाक्ये मागे बसून पस्तीस वर्षे मनातल्या मनात म्हणत आले होते, म्हणून रागावले नाही. धरणाजवळ कणीस खाल्ले. हे म्हणाले, "गाडी मागून फार वेगळी दिसते गं." मी म्हटले, "हो. साडीत तर आणखीन वेगळी."

अजूनही किल्ली फिरवण्यापूर्वी मी 'उजवा ब्रेक, डावा गिअर' असे एकदा म्हणून घेते. परवा सिग्नलला मोठ्यानेच म्हटले गेले. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारले, "मला काही म्हणालात का, मावशी?"