जुनी टेप, नवा संगणक

कार्यालयाचे जुने कपाट आवरताना पत्त्यांच्या जोडाहूनही लहान अशा प्लॅस्टिकच्या कॅसेट सापडतात. वर तारीख आणि ‘बॅकअप’ एवढेच लिहिलेले असते. त्या वाचणारा टेप ड्राइव्हही कोपऱ्यात असतो, पण तो ज्या संगणकाला जोडलेला होता तो संगणक केव्हाच भंगारात गेलेला असतो. मग प्रश्न पडतो, हा ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर चालेल का? ड्राइव्ह धड असेल तर बहुधा चालेल. मात्र जोडणी, ड्रायव्हर आणि टेपवरची मांडणी या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात.

सोनी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी १९८९ मध्ये आणलेल्या डीडीएस टेपचेच उदाहरण घेऊ. ही टेप ४ मिलिमीटर रुंद असते. पहिल्या पिढीच्या कॅसेटमध्ये जास्तीत जास्त २ गिगाबाइट माहिती मावत असे, चौथ्या पिढीत २०. पुढच्या पिढीची टेप मागच्या पिढीचा ड्राइव्ह वाचू शकत नाही. म्हणून कॅसेटवरची खूण आधी पाहावी.

आता जोडणी. असे बहुतेक ड्राइव्ह ‘स्कझी’ पद्धतीने जोडले जात. आजच्या संगणकात ती सोय नसते, त्यासाठी वेगळे कार्ड बसवावे लागते. एकाच केबलवर अनेक उपकरणे असू शकतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यायचा असतो. ७ हा क्रमांक बहुधा कार्डाचा असतो. केबलच्या शेवटी टर्मिनेटर लागतो. तो नसला, तर विहिरीत आवाज घुमावा तसा संकेत टोकावरून परत फिरतो आणि वाचनात चुका होतात. हे सारे वीज बंद ठेवूनच करावे.

दुसरा भाग ड्रायव्हरचा. विंडोज एक्सपीमधला बॅकअपचा प्रोग्राम टेप हाताळत असे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून तो वगळला गेला. लिनक्समध्ये टेप चालवण्याची सोय मात्र आजही आहे.

तिसरी गोष्ट टेपवरच्या मांडणीची. माहिती ठरावीक आकाराच्या तुकड्यांत लिहिलेली असते. वाचताना हा आकार चुकीचा ठरवला, तर टेप चांगली असूनही वाचन अडते. टेप खराब झाली असे समजून ती टाकून देण्यापूर्वी हे तपासावे. शिवाय ज्या प्रोग्रामने बॅकअप घेतला तो, किंवा त्याची मांडणी समजणारा दुसरा प्रोग्राम हवा.

सर्वांत महत्त्वाची कॅसेट पहिल्यांदा कधीही घालू नये. जुन्या ड्राइव्हमधले रबर चिकट झाले असेल, तर टेप आत गुंतून तुटते. आधी बिनकामाची टेप चालवून पाहावी. मग खऱ्या कॅसेटवरची लेखन रोखणारी खिटी सरकवावी आणि पहिल्याच यशस्वी वाचनात सगळी माहिती जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवावी. पुढचे प्रयोग त्या प्रतीवर.

ही अडचण मोठमोठ्या संस्थांनाही चुकलेली नाही. १९६६ आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या ‘लूनर ऑर्बिटर’ यानांनी पाठवलेली चंद्राची छायाचित्रे मोठ्या टेपांवर साठवली होती. टेपा जपल्या गेल्या, पण त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची यंत्रे दुर्मीळ झाली. नासाच्या नॅन्सी इव्हान्स यांनी अशी काही यंत्रे वर्षानुवर्षे आपल्या गॅरेजमध्ये सांभाळली. ती दुरुस्त करून, आधुनिक संगणकाला जोडून, नोव्हेंबर २००८ मध्ये चंद्राजवळून टिपलेले पृथ्वीचे १९६६ चे छायाचित्र पुन्हा मिळवण्यात आले. मूळ प्रसिद्ध चित्रापेक्षा ते कितीतरी स्पष्ट निघाले.

मराठी मजकुराची आणखी एक पायरी असते. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींवर टंकलेखन होई आणि त्यांचे संकेत वेगवेगळे होते. टेप बिनचूक वाचली गेली, तरी योग्य फॉन्टशिवाय पडद्यावर अगम्य खुणाच उमटतात. त्यासाठी तो जुना फॉन्ट किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम लागतो.

तेव्हा कपाटात अशा कॅसेट असतील, तर ड्राइव्ह, केबल, प्रोग्रामची सीडी आणि फॉन्ट त्यांच्यासोबतच ठेवा. बॅकअप कोणत्या प्रोग्रामने घेतला, हे माहीत असलेली व्यक्ती अजून कार्यालयात असेल, तर तिला विचारून कॅसेटवर लिहून ठेवा. आणि ड्राइव्ह चालतो आहे तोवरच माहिती नव्या डिस्कवर घ्या.