दोरी ओढण्याआधी प्लग बघा

पावसाळी मासेमारी बंदी उठायला आली, की कोकणच्या किनाऱ्यावर होड्यांना रंग चढतो, जाळी दुरुस्त होतात आणि ताडपत्रीखाली ठेवलेली इंजिनं बाहेर निघतात. होडीच्या मागच्या फळीला लावायचं हे इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. बंदरात त्याला ‘ओबीएम’ म्हणतात. दोन-तीन महिने पडून राहिलेलं जुनं ओबीएम बरेचदा पहिल्या ओढीला दाद देत नाही. मग दोरीची ओढाओढ होते, चार जण चार सल्ले देतात आणि शेवटी ‘कार्बोरेटर गेला’ असा निकाल लागतो. नवा कार्बोरेटर येतो, खर्च होतो आणि इंजिन तसंच गप्प राहतं.

खरं तर या इंजिनाची मागणी फार थोडी असते. १९०९मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ओल इव्हिन्रूड यांनी विकायला काढलेलं ओबीएम जेमतेम दीड अश्वशक्तीचं होतं. त्यालाही इंधन, ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब या तीनच गोष्टी लागत होत्या. आजच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला त्याच तीन लागतात. यातलं नेमकं काय कमी पडतंय हे क्रमाने तपासलं, तर पुष्कळदा स्पार्क प्लगच्या पान्यावरच काम भागतं.

पान्यालाही हात लावण्याआधी काही गोष्टी नुसत्या डोळ्यांनी बघायच्या. गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? किल स्विचची, म्हणजे इंजिन तातडीने बंद करणाऱ्या स्विचची, दोरी आणि क्लिप जागेवर आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि थोड्याच वेळात इंधन येणं थांबतं. नळीवरचा रबरी बल्ब बाण इंजिनाकडे ठेवून दाबायचा. पुन्हा पुन्हा दाबल्यावर तो कडक व्हायला हवा. कितीही दाबला तरी मऊच राहिला, तर नळी कुठेतरी हवा ओढतेय किंवा बल्बमधला व्हॉल्व्ह गेलाय असं समजायचं.

इथपर्यंत सगळं ठीक असेल, तर चोक लावून पाच-सहा वेळा दोरी ओढा आणि प्लग काढून त्याचं टोक बघा. ते ओलं असेल, तर इंधन पोहोचतंय; ठिणगी पडत नसेल किंवा इंधन प्रमाणाबाहेर साचलं असेल. टोक कोरडं असेल, तर इंधन पोहोचतच नाही. पुढचा सगळा शोध या एका निरीक्षणावर चालतो, म्हणून ते चुकवू नये.

प्लग कोरडा निघाला, तर प्लगच्या भोकात ऑइल मिसळलेलं पेट्रोल अर्धा चमचा टाकून प्लग परत बसवा आणि दोरी ओढा. इंजिन दोन सेकंद चालून बंद पडलं, तर ठिणगी आणि दाब शाबूत आहेत. दोष इंधनाच्या वाटेवर आहे.

ती वाट टाकीपासून तपासायची. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन स्थिर ठेवा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं, की ते इथेनॉलसह वेगळं होऊन तळाशी बसतं. नळीचं तोंड नेमकं तिथेच असतं. त्या थरात ऑइलही नसतं, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे आतले भाग कोरडे घासले जातात. बाटलीत असा थर दिसला, तर टाकी रिकामी करून ताजं मिश्रण भरा. मिश्रणाचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेतलंच धरा: ५० ला १ म्हणजे दहा लिटरला २०० मिलिलिटर ऑइल, २५ ला १ म्हणजे ४००. ऑइल मरीन टू-स्ट्रोकचंच हवं. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, तडकतात. त्याही पारखून घ्या.

टाकी स्वच्छ असेल, तर पाळी कार्बोरेटरची. पेट्रोल सुकून मागे राहिलेला चिकट थर जेटच्या बारीक भोकात अडकतो. जेट क्लीनरने आणि हवेने साफ करावा. तारेने टोचला, तर भोक मोठं होतं आणि इंधनाचं प्रमाण कायमचं बिघडतं. पेट्रोलवर चालू करून केरोसीनवर चालवायच्या इंजिनाला बंद करण्याआधी काही मिनिटं पुन्हा पेट्रोलवर घ्यावं. नाहीतर कार्बोरेटरमध्ये केरोसीन राहतं आणि गार इंजिन त्यावर उचलत नाही.

प्लग ओला निघाला, तर आधी तो पुसून कोरडा करा. मग टोपी लावून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा, प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब, आणि दोरी ओढा. निळी, चटचटणारी ठिणगी चांगली. पिवळट, अशक्त ठिणगी वाईट. ठिणगी अजिबात नसेल, तर प्रथम किल स्विचची वायर सोडवून बघा. खाऱ्या हवेने स्विच आतून गंजला, की तो ठिणगीचा प्रवाह परस्पर इंजिनाच्या धातूत उतरवतो. मात्र ही वायर तपासणीपुरतीच सोडवा. समुद्रात किल स्विच चालू असणं हा जीव वाचवण्याचा उपाय आहे. प्लगची वायर मोकळी लोंबत ठेवून दोरी ओढू नका, ठिणगीसाठी वीज पुरवणारं सीडीआय युनिट जळू शकतं.

इंधन आणि ठिणगी दोन्ही ठीक असूनही इंजिन उचलत नसेल, तर दाब मोजून घ्यावा. दोन सिलिंडरच्या दाबात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत असली, तर रिंग किंवा गॅस्केटचं काम आहे. ते मेकॅनिककडे सोपवावं.

इंजिन चालू झालं, तरी पाण्याशिवाय चालवू नका. थंडाव्याच्या पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरला, की लगेच खराब होतो. पिंपात खालचा भाग बुडवून, न्यूट्रलमध्ये चालवा आणि बाजूच्या भोकातून पाण्याची धार येते ना, ते बघा.

नाखवांना एवढंच सांगणं: हे सगळं किनाऱ्यावर करा. होडीत वल्ही, नांगर, जादा प्लग, पाना आणि लाइफजॅकेट असू द्या. आणि गार इंजिन किनाऱ्यावर खात्रीने चालू होत नसेल, तर त्या दिवशी होडी पाण्यात लोटू नका.