चित्र बोलकें कसें करावें?



आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे यांतून भूमितीच्या आकृति उभारण्याची रीत श्री. अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकांमुळें अनेक शाळांत पोंचली. टेल्को कारखान्यांतील हे अभियंते १९७८ सालीं मध्य प्रदेशांतील होशंगाबाद येथील विज्ञान-शिक्षणाच्या कार्यांत सामील झाले. पुढें पुण्याच्या आयुका संस्थेंतही त्यांनीं मुलांसाठीं खेळणीं सिद्ध केलीं. त्यांच्या पुस्तकांत शब्द थोडे व चित्रें फार.

हें पाहून मींही आठवीच्या वर्गांत फळ्यावर चतुष्फलकाचें एक सुबक चित्र काढलें व मुलांस तो जोडावयास सांगितलें. बहुतेकांचे सांगाडे कोसळले. एक मुलगा खालीं मान घालून म्हणाला, "सर, मला डोकेंच नाहीं." मीं त्याच्या काड्या मोजल्या, त्या पांच होत्या. चित्रांतही पांचच दिसत होत्या! सहावी, मागची काडी मीं काढलीच नव्हती. दोष त्याच्या डोक्याचा नसून माझ्या खडूचा होता.

मग आम्हीं दोघांनीं नवा तक्ता केला. प्रथम सामान काढलें : गुल खरवडलेल्या सहा काड्या, ट्यूबचे चार तुकडे व एक बाभळीचा काटा. पुढें एका चित्रांत एकच कृति. पहिल्यांत तीन काड्या व तीन तुकडे यांचा त्रिकोण. दुसऱ्यांत चौथ्या तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी. तिसऱ्यांत त्याच तुकड्यास मधोमध काट्यानें भोंक पाडून तींत टोंकदार केलेली तिसरी काडी. चौथ्यांत त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांस भोंकें. पांचव्यांत या तीन काड्यांचीं मोकळीं टोंकें त्या भोंकांत. सर्व चित्रें एकाच बाजूनें पाहिलेलीं, नवी काडी ठळक, जुनी फिकट, दिशेसाठीं बाण.

शेवटीं परीक्षा. तक्ता पांचवीच्या एका मुलीच्या हातीं दिला व आम्हीं मौन धरलें. ती जेथें अडली, तेथेंच चित्र सुधारलें. दुसऱ्या मुलानें तो न विचारतां जोडला.

पालकहो, हा केवळ खेळ नव्हे. २०१७ सालीं कापसावर फवारणी करतांना आपल्या जिल्ह्यांतील अनेक शेतकरी व मजूर विषबाधेनें दगावले. त्याचीं कारणें अनेक होतीं. परंतु डब्यावरील तांबडा रंग सर्वांत जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटीं हिरवा, हें किती घरांत ठाऊक असतें? न समजलेली खूण म्हणजे न काढलेली सहावी काडीच होय. मुलांनो, आज सायंकाळीं घरीं एवढें समजावून सांगा. आणि समजलें कीं नाहीं, हें त्यांच्याकडून वदवून घ्या.